पंधरा सेंटांच्या चोरीचा खरा खर्च

सहा जणांचे ऑनलाइन पोकर टेबल, ब्लाइंड ५ आणि १० सेंटांचे, प्रत्येकापुढे १० डॉलर. या टेबलावर तुम्ही काहीही न खेळता नुसती पाने टाकत बसलात तरी पैसे जातात. दर सहा डावांत एकदा स्मॉल ब्लाइंड आणि एकदा बिग ब्लाइंड भरावा लागतो, म्हणजे १५ सेंट. शंभर डावांमागे हे अडीच डॉलर होतात. तीन पत्तीत बूट सगळे भरतात, इथे तो पाळीपाळीने दोघांनी भरायचा, इतकाच फरक. ही गळती भरून काढायची तर दुसऱ्यांनी भरलेले ब्लाइंड उचलावे लागतात. पुढचे सगळे फोल्ड झाले, तुम्ही बटनवर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलायची जागा) किंवा त्याच्या अलीकडच्या कटऑफच्या जागेवर आहात, हातात फार काही नाही, तरी रेझ करायचे आणि मागे उरलेल्यांनी पाने टाकावीत अशी अपेक्षा धरायची. याला ब्लाइंड चोरणे म्हणतात. खेळाच्या नियमात ते पूर्ण बसते.

नवा खेळाडू ही चोरी एका संध्याकाळी शिकतो. कुणीतरी कॉल केल्यावर काय करायचे, हे मात्र तो वर्षानुवर्षे शिकत नाही आणि त्याचे पैसे जातात ते तिथेच. म्हणून या लेखात चोरीपेक्षा तिच्या पुढच्या खर्चाचा हिशेब जास्त आहे.

त्याआधी हा हिशेब कुणासाठी, ते स्पष्ट सांगायला हवे. भारतात पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळण्याचा मार्ग बंद झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बड्या भारतीय कंपन्यांनी पैशांची टेबले लगोलग बंद केली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्याने बाजूला ठेवला आहे. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ असेल तर तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाख अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण म्हणून परदेशी साइटवर कुणाच्या तरी यूपीआय खात्यातून पैसे भरणे शहाणपणाचे ठरत नाही. पैसे अडकले तर तक्रार ऐकणारे कुणी नसते, आणि ज्या खात्यात ते गेले ते कुणाचे, हेही तुम्हाला ठाऊक नसते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला माझा सल्ला सरळ आहे: फुकट चिप्सवर खेळा, गणित तेच आहे. हा लेख मुख्यतः न्यू जर्सी, लंडन, टोरांटो अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, जिथे परवानाधारक साइटवर कमी रकमेचे टेबल कायद्याने खुले आहे.

रेझची किंमत

पॉटमध्ये १५ सेंट आहेत. ते उचलायला तुम्ही २५ सेंटांचा रेझ करता. दोघेही फोल्ड झाले तर १५ सेंट मिळाले, नाहीतर २५ सेंट धोक्यात. पुढे एकही डाव जिंकणार नाही असे धरले तर बरोबरीत सुटायला ही चोरी १०० पैकी साडेबासष्ट वेळा यशस्वी व्हावी लागते. रेझ २० सेंटांचा केला तर ५७ वेळा पुरते, ३० सेंटांचा केला तर ६७ वेळा लागते. हिशेब सोपा आहे: लावलेली रक्कम भागिले लावलेली रक्कम अधिक पॉट. हे एकच सूत्र पुढच्या प्रत्येक बेटला लागू पडते, म्हणून पाठच करून टाका.

साडेबासष्ट टक्के ऐकायला फार वाटत नाही. पण फोल्ड दोघांनी करायचे आहे. स्मॉल ब्लाइंडवाला ८० टक्के वेळा पाने टाकतो आणि बिग ब्लाइंडवाला ७० टक्के, तर दोघे एकाच वेळी पाने टाकण्याची शक्यता ५६ टक्केच भरते. कमी रकमेच्या टेबलावर बिग ब्लाइंडमध्ये ‘दहा सेंट घातलेच आहेत, तर फ्लॉप बघून घेऊ’ म्हणणारे भरपूर भेटतात. त्यामुळे चोरी करण्याआधी आपल्या हातातली पाने बघण्याइतकेच डावीकडचे दोघे कोण आहेत ते बघणे महत्त्वाचे.

काय बघायचे? जो एकाच वेळी चार-पाच टेबले खेळतो आणि चांगल्या पानांखेरीज हात घालत नाही, त्याचे ब्लाइंड रोज उचलावेत. ज्याच्यापुढे दीड-दोन डॉलरच उरले आहेत, त्याच्यावर हलक्या पानांनी चोरी करू नये. तो सगळे मध्ये ढकलतो आणि तुमचे २५ सेंट सोडून द्यावे लागतात. जो प्रत्येक डावात फ्लॉप बघतो, त्याच्याविरुद्ध रेझ लहान करून काही मिळत नाही, कारण तो तसाही फोल्ड होणार नाही. तिथे सत्ती-दुर्री टाकून द्या, आणि एक्का-राणी आली की रेझ नेहमीपेक्षा मोठा करा. खेळाडूंचे आकडे स्क्रीनवर दाखवणारी सॉफ्टवेअरे मिळतात, पण काही साइटवर ती चालत नाहीत. विकत घेण्याआधी साइटचे नियम वाचा. तसेही प्रत्येक खेळाडूपुढे दोन शब्दांची टीप लिहून ठेवली, तरी या पातळीवर काम भागते.

पकडले गेल्यावर

आता शंभर चोऱ्यांचा हिशेब मांडू. समजा ५५ वेळा दोघेही फोल्ड झाले: ८ डॉलर २५ सेंट जमा. दहा वेळा कुणीतरी उलटा रेझ केला आणि तुम्ही पाने टाकली: अडीच डॉलर खर्च. उरलेल्या ३५ वेळा बिग ब्लाइंडवाल्याने कॉल केला. या पस्तीसही वेळा तुम्ही हात वर केलेत तर ८ डॉलर ७५ सेंट जातात आणि शंभर चोऱ्यांच्या शेवटी तीन डॉलरचा तोटा उरतो. म्हणजे निव्वळ रेझवर ही चोरी परवडत नाही. ती फ्लॉपवर फायद्याची करावी लागते.

बटनवर तुमच्याकडे किल्वरचा गुलाम आणि किल्वरची नव्वी आहे. रेझ २५ सेंट, बिग ब्लाइंडचा कॉल, पॉट ५५ सेंट. फ्लॉप येतो: बदाम राजा, चौकट सत्ती, इस्पिक दुर्री. तुम्हाला काहीच लागले नाही, पण समोरच्यालाही बहुधा लागलेले नसते. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरे काही मिळण्याची शक्यता तीनात एक इतकीच असते. शिवाय तुम्ही रेझ केला होता, त्यामुळे राजा तुमच्याकडे असावा हे त्याला पटते. तो चेक करतो. तुम्ही पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, १८ सेंटांची बेट लावता. ती चारात एकदा चालली, म्हणजे समोरचा फोल्ड झाला, तरी बरोबरी होते. अर्धा पॉट लावला असता तर तीनात एकदा, पूर्ण पॉट लावला असता तर दोनात एकदा चालावी लागली असती. अशा कोरड्या फ्लॉपवर जो फोल्ड होणार तो १८ सेंटांनाही होतो आणि ज्याला राजा लागलाय तो ५५ सेंटांनाही हलत नाही. मोठी बेट लावून तुम्ही जास्तीचे काही विकत घेत नाही.

पस्तीस वेळांपैकी १६ वेळा ही छोटी बेट चालली असे धरू. पाच टक्के रेक, म्हणजे साइटचा हिस्सा, वजा जाता दर वेळी साधारण सव्वासत्तावीस सेंट निव्वळ मिळतात, म्हणजे ४ डॉलर ३६ सेंट. एकोणीस वेळा चालली नाही: ४३ सेंटांप्रमाणे ८ डॉलर १७ सेंट गेले. सगळी बेरीज-वजाबाकी केली की शंभर चोऱ्यांमागे १ डॉलर ९४ सेंट शिल्लक. मघाचा तीन डॉलरचा तोटा आता नफ्यात आला. प्रत्यक्षात त्या एकोणिसांतही कधीमधी गुलामाची जोडी लागून डाव जिंकाल, तेव्हा आकडा थोडा वर जाईल. पण एका चोरीमागे जेमतेम दोन सेंट, हे प्रमाण डोक्यात पक्के ठेवा.

आता टर्न. समोरच्याने १८ सेंट कॉल केले, पॉट ९१ सेंट झाला, टर्नवर चौकट चव्वी आली. तुमच्याकडे अजून काही नाही. तो पुन्हा चेक करतो. इथे हात शिवशिवतो. ‘एवढे घातलेत, आता सोडायचे कसे?’ म्हणून ६० सेंटांची दुसरी बेट जाते. ती १०० पैकी ४० वेळा चालायला हवी. पण ज्याने राजा-सत्ती-दुर्रीवर कॉल केला आहे त्याच्याकडे काहीतरी आहे, आणि कमी रकमेच्या टेबलावर लोक ते ‘काहीतरी’ सहजी सोडत नाहीत. समजा १०० पैकी ३० वेळाच तो फोल्ड होतो. मग अशा प्रत्येक दुसऱ्या बेटमागे सरासरी १६ सेंट जातात, म्हणजे आठ चोऱ्यांची कमाई एका क्लिकमध्ये. त्या एकोणीसही डावांत तुम्ही हीच बेट लावलीत तर ३ डॉलर ५ सेंट जातील आणि शंभर चोऱ्यांचा नफा १ डॉलर ११ सेंटांच्या तोट्यात बदलेल.

आणि रिव्हर. कॉल झाल्यावर पॉट २ डॉलर ११ सेंट. तिथेही दोन-तृतीयांश बेट लावायची तर १ डॉलर ४० सेंट. सुरुवातीचे २५, मग १८, मग ६० आणि आता १४०. पंधरा सेंट उचलायला निघालेला माणूस एका डावात २ डॉलर ४३ सेंट मध्ये घालून बसलेला असतो आणि समोरचा सत्तीची जोडी दाखवतो. कमी रकमेच्या टेबलांवर तोट्यात जाणाऱ्यांचे डाव उघडून पाहिले तर हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. चोरीत त्यांचे काही चुकलेले नसते, ती सोडून देणे त्यांना जमलेले नसते.

म्हणून माझा आग्रह आहे की पुढचा खर्च रेझच्या आधीच ठरवा. हलक्या पानांनी चोरी केली असेल तर फ्लॉपवर एक छोटी बेट, कॉल झाला तर बस. टर्नवर एक्का किंवा तसेच समोरच्याला घाबरवणारे पान आले, आणि समोरचा पाने टाकू शकणारा आहे हे तुम्ही आधी पाहिले असेल, तरच दुसऱ्या बेटचा विचार करा. फ्लॉपवर अठ्ठी-सत्ती-छक्की अशी लागोपाठची पाने आली, किंवा दोघांनी कॉल केला, तर ती पहिली छोटी बेटसुद्धा वाचवा.

चार किल्वर असतील तर गोष्ट बदलते, पण नवखे समजतात तशी नाही. तोच डाव, फक्त फ्लॉपवर राजा आणि सत्ती दोन्ही पाने किल्वरची. टर्ननंतर न पाहिलेल्या ४६ पानांत ९ किल्वर उरतात, म्हणजे रिव्हरला फ्लश पुरा होण्याची शक्यता साडेएकोणीस टक्के. ६० सेंटांची बेट लावली आणि समोरचा ३० टक्के वेळाच फोल्ड झाला, तर आता तोट्याऐवजी सरासरी ११ सेंट पदरात पडतात. छान वाटते. पण तुम्ही शेवटी बोलणारे आहात. त्याने चेक केल्यावर तुम्हीही चेक केलात तर रिव्हरचे पान फुकट दिसते, आणि त्या फुकट पानाचे मोल याच हिशेबाने १७ सेंट भरते. समोरचा ४५ टक्के वेळा फोल्ड होणारा असता तर बेट लावणे जास्त किफायतशीर ठरले असते. न सोडणाऱ्या माणसापुढे फुकट मिळणारे पान विकत घेऊ नये.

मग या टेबलावर पैसे येतात कुठून? जे लोक ब्लफला कॉल करतात तेच खऱ्या पानांनाही कॉल करतात. बटनवर एक्का-राणी, फ्लॉपवर एक्का. इथे १८ सेंटांवर थांबायचे कारण नाही. पॉटच्या दोन-तृतीयांशाप्रमाणे ३७ सेंट, टर्नवर ८६, रिव्हरवर दोन डॉलर लावा. हलका एक्का घेऊन बसलेला माणूस तिन्ही ठिकाणी कॉल करतो. चोरीतला नफा सेंटांत असतो, इथला डॉलरांत. चोऱ्या करायच्या त्या ब्लाइंडची गळती कमी व्हावी म्हणून, आणि तुमचा प्रत्येक रेझ म्हणजे एक्काच असे टेबलाला वाटू नये म्हणून.

तुमच्याच ब्लाइंडवर कुणी चोरी करत असेल तर? बिग ब्लाइंडमध्ये २५ सेंटांच्या रेझला कॉल करायला आणखी १५ सेंट लागतात आणि पॉट ५५ सेंटांचा होतो. रेक धरून २९ टक्क्यांच्या आसपास जिंकण्याची शक्यता हवी. एकाच रंगाच्या लागोपाठच्या पानांना, जोड्यांना आणि बहुतेक मोठ्या पानांना ती मिळते. पण पुढच्या प्रत्येक फेरीत आधी बोलायचे तुम्हाला असते, त्यामुळे कागदावरची शक्यता पूर्ण हाती येत नाही. या जागेवर दीर्घकाळात चांगले खेळाडूही तोट्यातच असतात, प्रश्न तोटा कमी ठेवण्याचा. स्मॉल ब्लाइंडमधून मात्र नुसता कॉल टाळा: एकतर उलटा रेझ, नाहीतर फोल्ड.

दिसत नसलेली बिले

रेक हे पहिले. साधारण साडेतीन ते पाच टक्के, वर कमाल मर्यादा. बहुतेक साइटवर फ्लॉप आलाच नाही तर रेक कापत नाहीत. फ्लॉपआधीच संपलेली चोरी म्हणूनच करमुक्त असते. काही ठिकाणी फ्लॉपआधी उलटा रेझ झालेल्या पॉटवरही रेक कापतात, तेव्हा नियमांचे पान वाचा. वरच्या हिशेबात १६ वेळा उचललेल्या पॉटवर ४४ सेंट रेक गेला आहे. १ डॉलर ९४ सेंटांच्या नफ्यापुढे ही रक्कम लहान नाही. पहिल्या भरण्यावरचा बोनसही असाच तपासावा. तो एकदम हातात पडत नाही, तुम्ही भरलेल्या रेकच्या प्रमाणात सुटतो आणि त्याला मुदत असते. महिन्याला चार तास खेळणाऱ्याने बोनससाठी जास्त पैसे भरण्यात अर्थ नाही.

दुसरे बिल वेळेचे. एका टेबलावर तासाला ७५ डाव धरा, दोन टेबले म्हणजे १५०. शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड, म्हणजे ५० सेंट, मिळवणारा खेळाडू या पातळीवर चांगला समजला जातो. त्याची तासाची कमाई ७५ सेंट. न्यू जर्सीत २०२५ चे किमान वेतन तासाला १५ डॉलर ४९ सेंट होते. त्यामुळे शेकडो डॉलरचा पोकर कोर्स घेण्याआधी हा आकडा शेजारी लिहून बघा. वर्षाला २०० तास खेळूनही १५० डॉलर होतात, आणि तेही सगळे बरोबर गेले तर.

तिसरे बिल चढ-उताराचे, आणि हे लोकांना सगळ्यात जड जाते. दहा हजार डावांत, म्हणजे दोन टेबलांवर सुमारे ६७ तासांत, अपेक्षित नफा ५० डॉलर असला तरी नशिबाने त्यात ८०-९० डॉलर इकडेतिकडे होणे अगदी सामान्य आहे. चांगला खेळाडू इतके खेळून तोट्यात असू शकतो आणि वाईट खेळाडू फायद्यात. म्हणून १० डॉलरच्या टेबलासाठी ३०० ते ४०० डॉलर वेगळे काढलेले असावेत आणि ते घरभाड्याचे, मुलांच्या फीचे किंवा गावी पाठवायचे नसावेत.

चौथे बिल कराचे. ब्रिटनमध्ये खेळाडूच्या जिंकलेल्या रकमेवर आयकर नाही. तिथे एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगाराचे पैसे भरता येत नाहीत, डेबिट कार्ड लागते. कॅनडात हौशी खेळाडूच्या जिंकण्यावर सहसा कर लागत नाही. अमेरिकेत मात्र नीट लक्ष द्या. तिथे जिंकलेली रक्कम उत्पन्नात धरतात, हरलेली रक्कम तुम्ही वजावटी एकेक करून मांडल्या तरच वजा होते. स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्याला ती मिळतच नाही. त्यात २०२६ च्या कर-वर्षापासून हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच वजा करता येतात. वर्षभरात १०,००० डॉलर जिंकून १०,००० हरलेला माणूस बरोबरीत सुटला असे आपण म्हणू, पण करखाते त्याच्या खाती १,००० डॉलरचे उत्पन्न धरते. प्रत्येक बैठकीची तारीख, टेबल आणि निकाल लिहून ठेवा आणि रिटर्न भरणाऱ्या सीपीएला आधीच सांगा.

न्यू जर्सीत खेळायला वय २१ पूर्ण हवे आणि खेळताना तुम्ही राज्याच्या हद्दीतच असायला हवे. साइट ठिकाण तपासते. सुटीत पुण्याला आल्यावर व्हीपीएन लावून त्याच खात्यात शिरण्याचा प्रयत्न केला तर खाते गोठू शकते आणि आतली शिल्लकही. असे करू नका.

खाते उघडताच पैसे भरण्याची साप्ताहिक मर्यादा सेटिंगमध्ये लावा, पहिला डाव खेळण्याआधी. मर्यादा कमी केली तर ती सहसा लगेच लागू होते, वाढवायची तर थांबावे लागते, आणि ते थांबणे तुमच्याच उपयोगाचे आहे. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपवर नाव नोंदवले की सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे सगळ्या परवानाधारक साइट तुमच्यासाठी बंद होतात. न्यू जर्सीतही सरकारी नोंदणीतून स्वतःला किमान एक वर्ष बाहेर ठेवता येते, आणि १-८००-गॅम्बलर ही मदतवाहिनी आहे. भारतात घरातल्या कुणाचे पैसे अशा खेळात जात असतील तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतून बोलता येते, आणि फोन खेळणाऱ्यानेच करायला हवा असे नाही, घरच्यांनीही करावा.